लोकप्रश्नांचे अध्यापक : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या समाजातील लहानथोरांस ठाऊक नाही असे नाही. महूचा जन्म, चवदार तळे, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची धर्मदीक्षा हे टप्पे आपल्या मुलांनाही तोंडपाठ असतात. तथापि ह्या सर्व टप्प्यांच्या मागे आयुष्यभर चालू राहिलेले त्यांचे एक कार्य चरित्रवाचनात बहुधा निसटते. ते कार्य म्हणजे अध्यापनाचे होय. बाबासाहेब प्राध्यापक होते एवढे आपण सांगतो आणि पुढे जातो. ते काय शिकवीत आणि कोणाला शिकवीत, ह्याकडे फारसे कोणी वळत नाही.

राज्यकारभाराचा एखादा प्रश्न कसा अभ्यासावा, त्याची आकडेवारी कोठून काढावी, आणि मग सरकारपुढे, कायदेमंडळापुढे व लोकांपुढे आपली बाजू कशी मांडावी, ही एक विद्या आहे. आज तिला सार्वजनिक धोरण ह्या नावाने विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. बाबासाहेबांच्या तरुणपणी आपल्या देशात तिला असे नाव नव्हते आणि तिचा निराळा वर्गही नव्हता. ती विद्या त्यांनी परदेशात संपादन केली, मुंबईच्या महाविद्यालयांतून शिकविली, कमिशनांपुढे वापरली, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी तिच्यासाठी मुंबईत एक शाळाच काढली. ज्या १९५६ साली ते चांद्यास आले, त्याच सालची ही गोष्ट आहे. म्हणून चांदा-गडचिरोलीच्या आपल्या कुटुंबांपुढे ती ठेवणे उचित वाटते.

भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातील शाळेचे शिक्षक. म्हणजे मास्तरकी ही ह्या घराण्यात एक पिढी आधीच आलेली होती. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले, आणि श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. हा सर्व भाग सर्वविदित आहे, त्याचा विस्तार करीत नाही.

कोलंबियात मात्र थोडे थांबले पाहिजे. तेथे त्यांना सार्वजनिक अर्थव्यवहार शिकविणारे एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई ह्यांच्यासारखे गुरू लाभले. परंतु गुरूंच्या नावांपेक्षा तेथील शिकविण्याची रीत अधिक महत्त्वाची होती असे आम्हांस वाटते. आपल्याकडे त्या काळी प्राध्यापक सांगत आणि विद्यार्थी उतरवून घेत. तेथील चर्चावर्गात विद्यार्थ्याने स्वतः एखाद्या विषयाचा शोध घ्यायचा, निबंध लिहून सर्वांपुढे वाचायचा, आणि सहाध्यायी व गुरू जे प्रश्न विचारतील त्यांना पुराव्यानिशी उत्तरे द्यायची, अशी पद्धत होती. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर ह्यांच्या अशाच वर्गात बाबासाहेबांनी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. ज्या जाचाने त्यांचे स्वतःचे बालपण करपून गेले होते, त्याच जाचावर हा पंचवीस वर्षांचा तरुण परक्या देशातील विद्वानांपुढे शास्त्रीय विवेचन करीत होता. दुःख भोगणे आणि दुःखाची मीमांसा करणे ह्या दोन गोष्टी त्याने येथे वेगळ्या करावयास शिकल्या. पुढे कोणत्याही कमिशनपुढे त्यांनी केवळ कैफियत गायिली नाही, ह्याचे बीज ह्या वर्गात आहे.

लंडनचे शिक्षण अर्धे टाकून १९१७ साली ते परतले. बडोद्याच्या नोकरीत त्यांना जे भोगावे लागले, राहावयास जागाही कशी मिळेना, ते आपण जाणतोच. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांची अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. अस्पृश्य मानलेल्या जातीतील हा नवा प्राध्यापक काय शिकविणार, असा विद्यार्थ्यांचा प्रारंभीचा भाव होता. पण तयारी करून आलेल्या त्या व्याख्यानांची कीर्ती इतकी पसरली की दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या वर्गात येऊन बसू लागले. त्याच कॉलेजात, प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला होता. ज्यांची विद्या चालत होती त्यांचा स्पर्श चालत नव्हता.

सिडनहॅममध्ये असतानाच त्यांच्या हातून पहिले मोठे सार्वजनिक निवेदन घडले. मताधिकाराचा विचार करण्यासाठी साउथबरो समिती आली होती. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी तिच्यापुढे साक्ष दिली. त्यांचे वय तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते, मागे कोणतीही मोठी संस्था नव्हती. अस्पृश्यांची बाजू सहानुभूतीने मांडणारे उच्चवर्णीय पुढारी तेव्हाही होते. परंतु प्रतिनिधित्व म्हणजे केवळ मते पोचविणे नसून त्या त्या समाजातील माणसे स्वतः तेथे पोचणे होय, हा मुद्दा बाबासाहेबांनी मांडला. मालमत्तेवर आधारलेला मताधिकार ज्यांना मालमत्ता करूच दिली नाही त्यांना आपोआप वगळतो, हे त्यांनी समितीच्या ध्यानी आणले. १९१९ च्या सुधारणांत त्यांच्या मागणीपैकी फारच थोडे पदरात पडले. पण मागणी कशी बांधावी ह्याचा एक नमुना समाजापुढे आला.

१९२० साली 'मूकनायक' पत्र निघाले, त्यास कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य होते. त्याच वर्षी मार्चमध्ये प्राध्यापकी सोडून, पगारातून साठविलेल्या पैशात मित्र नवल भथेना ह्यांच्या उसनवारीची भर घालून, ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी मिळाली, बॅरिस्टरीही झाली. ह्या प्रबंधाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि रिझर्व्ह बँकेचे सर्व श्रेय त्याला दिले जाते. असे सरसकट विधान करण्याची बाबासाहेबांच्या कीर्तीला गरज नाही. खरे महत्त्व निराळ्या ठिकाणी आहे. १५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी चलनासारख्या रुक्ष विषयातही, लाभ कोणाचा आणि तोटा कोणाचा, हा प्रश्न सोडला नाही. रुपयाचा भाव उतरला की निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यास फायदा होतो, परंतु भाववाढीमुळे तो मजुराच्या ताटातून काढलेला असतो. एका वर्गाच्या तोट्यातून दुसऱ्याला झालेला लाभ हा राष्ट्राचा लाभ नव्हे, अशी ती मांडणी होती. शेतमजुराच्या घरातील ज्वारीच्या भावाचा लंडनमध्ये ठरणाऱ्या हुंडणावळीच्या दराशी संबंध जोडून दाखविणारा साक्षीदार त्या कमिशनने क्वचितच पाहिला असेल.

परत आल्यावर पोटापाण्यासाठी वकिली होती, पण शिकविणे सुटले नाही. जून १९२५ पासून १९२८ च्या मार्चपर्यंत बाटलीबॉय ह्यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. जून १९२८ मध्ये मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, आणि १९३५ ते १९३८ ह्या काळात त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीने १९२४ साली मते मागविली तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर आजही वाचण्याजोगे आहे. विद्यापीठ हे केवळ परीक्षा घेण्याचे कार्यालय असू नये, शिकविणे आणि संशोधन करणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी, एकाच माणसांच्या हातून झाली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९२७ साली विद्यापीठ विधेयकावर बोलताना, मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी विद्यापीठाच्या कारभारात असल्यावाचून विद्यापीठ गरिबांपर्यंत पोचणार नाही, हेही त्यांनी सांगितले. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीस येण्यास २०११ साल उजाडले. तोवर आपल्या भागातील मुलांचे विद्यापीठ नागपूरला होते. विद्यापीठाचे अंतर म्हणजे काय, हे ज्यांनी सिरोंचा-एटापल्लीहून परीक्षेच्या कामासाठी नागपूरच्या फेऱ्या मारल्या त्यांना निराळे सांगावयास नको.

१९२७ हे वर्ष ह्या विद्येच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध होय. त्या वर्षी फेब्रुवारीत बाबासाहेब मुंबई कायदेकौन्सिलचे नियुक्त सभासद झाले आणि १२ मार्च रोजी शिक्षणाच्या खर्चावर त्यांचे भाषण झाले. नव्या सभासदाने पहिल्या प्रसंगी आपल्या जातीच्या दुःखाचे वर्णन करावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असेल. बाबासाहेबांनी सरकारचेच अहवाल उघडले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांत जमा होतात, हे त्यांनी दाखविले. ह्याच गतीने गेल्यास शाळेच्या वयाची सर्व मुले शाळेत यावयास ४० वर्षे आणि मुलींना ३०० वर्षे लागतील, हे अहवालातील गणित त्यांनी सभागृहापुढे ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेब मांडून त्यांनी एवढेच मागितले की जेवढे लोकांकडून ह्या वाटेने घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा. सरकारच्याच वहीतून काढलेले आकडे, नाकारता न येणारी तुलना, आणि शेवटी मोजून सांगितलेली मागणी. ज्यास कोणाला निवेदन लिहावयाचे असेल त्याने हे भाषण एकदा तरी वाचावे. आपल्या मंडळांची निवेदने आजही बहुधा विशेषणांनी भरलेली आणि आकड्यांनी रिकामी असतात, हे येथे स्पष्ट लिहिल्यास वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

ह्या भाषणानंतर आठच दिवसांनी महाड झाले. महाडकडे आपण सत्याग्रह म्हणून पाहतो, आणि तो होताच. परंतु त्याची पूर्वपीठिका कायदेमंडळातील आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबई कौन्सिलने मंजूर केला होता. सरकारी खर्चाने बांधलेली वा सांभाळलेली पाणवठे, शाळा, धर्मशाळा ही स्थाने अस्पृश्यांस खुली असावीत, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. कागदावर. प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याने तेथे ओंजळ भरली नाही, कारण भरण्याची कोणाची हिंमत नव्हती आणि भरू देण्याची कोणाची इच्छा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी परिषदेतील हजारो माणसांना घेऊन जे केले, ते एका मंजूर झालेल्या सरकारी धोरणाची अंमलबजावणी होय. कायदा मोडण्यासाठी ते गेले नव्हते. मोडला जात असलेला कायदा पाळण्यासाठी गेले होते. प्रश्न कोर्टात गेला आणि मुंबई हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागावयास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे होतात. ठराव, निवेदन, परिषद, प्रत्यक्ष कृती आणि कोर्ट ह्या सर्व वाटा त्यांनी चालून पाहिल्या, आणि एक वाट अडली म्हणून दुसरी सोडली नाही.

कागदावरील हक्क आणि हातातील हक्क ह्यांच्यामधील हे अंतर आपल्या जंगलमुलखास नवे नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक हक्काचा दाखला मिळाला. पण त्या जंगलातील बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ चा एप्रिल महिना लागला. त्या गावाने ही मजल गाठली ती गावातच अभ्यासगट बसवून, कायदा स्वतः वाचून. ते गाव आपल्या समाजाचे नव्हे. पण बाबासाहेबांची रीत कोणा एका समाजाची मिरासही नव्हे.

१९२८ साली महार वतनाचे विधेयक त्यांनी मांडले. वतन म्हणजे मान, अशी समजूत धरून बसलेल्या आपल्याच बांधवांस ते गुलामीचे कागद आहेत हे पटविणे, सरकारला पटविण्याहूनही कठीण होते. त्यासाठी त्यांनी गावोगाव परिषदा घेतल्या. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि तेथे वतनाऐवजी कोतवालकी होती. पण वेठीचे रूप सारखेच. मुंबई राज्यातील ही हलकी वतने कायद्याने नाहीशी झाली ती १९५८ साली, म्हणजे विधेयकानंतर तीस वर्षांनी आणि विधेयककर्त्याच्या निधनानंतर. सायमन कमिशन, गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार, स्वतंत्र मजूर पक्ष, कोकणातील खोतीविरुद्ध १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या विधिमंडळावर आलेला शेतकऱ्यांचा मोर्चा, हा इतिहास येथे नुसता उल्लेखून पुढे जातो.

येथे एक प्रश्न मनात येतो. जातिनिर्मूलनाचा पुरस्कर्ता जातीच्या परिषदांस का जाई? ३० व ३१ मे १९३६ रोजी मुंबईस भरलेली परिषद तर महार परिषद म्हणूनच भरली होती, आणि धर्मांतराचा प्रश्न त्यांनी तिच्यापुढे कसून तपासावयास ठेवला. आमच्या मते उत्तर असे की लोक जेथे जमले आहेत तेथूनच शिकविण्यास आरंभ करावा लागतो. आपल्या मंडळासारख्या मंडळांनी स्वतःच्या अस्तित्वाचे ह्याहून मोठे समर्थन शोधू नये.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि मागणी करणाराच आता मागणी ऐकणारा झाला. हा भाग आपल्या जिल्ह्यास जवळचा आहे, कारण बल्लारपूर, घुग्घुस, माजरीच्या कोळसा खाणींवर आपल्या किती कुटुंबांची चूल पेटली आहे ते मोजणे कठीण. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या खाणींस स्वतः भेट दिली, आणि १९४४ च्या आरंभी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. युद्धकाळात कोळशाची तूट पडल्यामुळे स्त्रियांना जमिनीखाली कामास नेण्याची बंदी सरकारने १९४३ साली उठविली होती, आणि त्यावर मध्यवर्ती कायदेमंडळात टीका झाली तेव्हा सरकारची बाजू बाबासाहेबांना मांडावी लागली. आणीबाणीपुरताच हा उपाय आहे आणि त्या कामाला स्त्रीपुरुषांस सारखी मजुरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा निर्णय त्यांना शोभणारा नव्हता, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आम्हांसही ते म्हणणे अगदीच टाकाऊ वाटत नाही. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा अंमलात आली. सत्तेत बसल्यावर धोरण कसे दिसते हे त्यांनी येथे आतून पाहिले, आणि नंतर घटना लिहिताना व हिंदू कोड बिलावर झगडताना हा अनुभव त्यांच्यापाशी होता. त्या बिलाची आबाळ पाहून त्यांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडले.

मंत्रिपदे येत जात राहिली, वर्ग मात्र त्यांनी कायमचे बांधले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० साली औरंगाबादचे, जे पुढे मिलिंद महाविद्यालय ह्या नावाने प्रसिद्धीस आले. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरत असे. तीत मुले सरकार पक्ष आणि विरोधी पक्ष होऊन वाद करीत, आणि बाबासाहेबांनी स्वतः ह्या संसदेपुढे हिंदू कोड बिलाचे विवेचन केले होते. देशाच्या संसदेत अडलेले विधेयक विद्यार्थ्यांच्या संसदेत समजावून सांगणारा कायदेमंत्री दुसरा कोठे झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

१९५२ च्या निवडणुकीत आणि १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पराभूत झाले. प्रकृती ढासळत होती. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी आपल्या समाजातील सुशिक्षितांविषयी तीव्र निराशा प्रकट केली. शिकलेली माणसे समाजाची सेवा करतील ही आशा फोल ठरली आणि कारकुनांची गर्दी तेवढी वाढली, हा त्याचा मथितार्थ होता. ही व्यथा आपण प्रतिवर्षी भाषणांतून सांगतो. ती सांगून बाबासाहेब स्वस्थ बसले नव्हते, हे मात्र सांगावयाचे राहते.

१ जुलै १९५६ रोजी मुंबईस राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा सुरू झाली. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल श्री. रेगे ह्यांच्याकडे तिची व्यवस्था होती. पहिल्या वर्गात अवघे १५ विद्यार्थी होते. कायदेमंडळाच्या सभासदास घटना, कायदा, अर्थसंकल्प आणि सभाशास्त्र ह्यांचे ज्ञान हवे आणि ते मांडण्याचे वक्तृत्वही हवे. पुढारीपण हे जन्माने किंवा गळ्याच्या जोरावर येत नाही, ते वैद्यकी वा वकिलीसारखे शिकावे लागते, हा त्या शाळेमागील विचार होता. लक्षावधी माणसे ज्यांच्या एका शब्दावर जमत, त्या नेत्याने पंधरा विद्यार्थ्यांच्या वर्गाची उठाठेव करावी ह्याचे कोणास नवल वाटेल. आयुष्यभर ज्याने एकट्याने निवेदने लिहिली, एकट्याने साक्षी दिल्या आणि एकट्याने विधेयके रचली, त्यास आपल्यामागे हे काम करणारी माणसे किती उरतील हा हिशेब दिसत होता. एका आंबेडकराच्या जाण्याने थांबेल ते काम काय कामाचे? तो हिशेब १५ पासून सुरू करावा लागला, एवढेच.

शाळा सुरू होऊन साडेतीन महिने झाले होते. १४ ऑक्टोबरला नागपूर येथे धर्मांतराचा सोहळा झाला आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब चांद्यास आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे ह्यांच्या निमंत्रणावरून ही दुसरी दीक्षा येथे व्हावयाची होती. त्या दिवशी जमलेल्या जनसमुदायाचे वर्णन आपल्या घरांतील वृद्धांकडून पिढ्यानपिढ्या ऐकले गेले आहे. जंगलातील खेड्यांतून, पायी, बैलगाडीने, शिदोरी बांधून आलेली माणसे होती ती. बाबासाहेबांच्या शरीरात तेव्हा फारसे त्राण उरले नव्हते. चांद्यानंतर नोव्हेंबरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

मुंबईची शाळा त्यांच्यामागे १९५७ च्या मार्चपर्यंत चालली आणि बंद पडली. पहिल्या वर्गानंतर दुसरा वर्ग भरला नाही. समाजाने त्यांच्या नावाने पुतळे, विहार आणि वसतिगृहे उभारली, आणि ते योग्यच केले. पण ही शाळा पुन्हा उघडण्याचा विषय सभांच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच आला. त्याच १९५७ च्या ऑक्टोबरात नागपूर येथे रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याला कार्यकर्ते मिळाले, घोषणा मिळाल्या, आणि काही वर्षांतच गटही मिळाले.

ज्या बॅरिस्टर खोब्रागड्यांनी बाबासाहेबांना चांद्यास आणले, ते चांद्याचेच सुपुत्र, जन्म १९२५ चा. बॅरिस्टरी करून परतलेला हा तरुण १९५८ साली राज्यसभेचा सभासद झाला, पुढे १९६६ आणि १९७८ सालीही निवडून गेला, आणि १९६९ च्या डिसेंबरापासून १९७२ च्या एप्रिलपर्यंत राज्यसभेच्या उपसभापतींच्या आसनावर बसला. ज्या सभागृहात बाबासाहेबांनी अखेरची वर्षे काढली होती, त्याच सभागृहाच्या वादांचे नियमन चांद्याचा माणूस करीत होता. ते १९८४ साली वारले. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आज डॉ. आंबेडकर कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय उभे आहे. प्रतिवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला जेथे मेळा भरतो, तेथेच इतर दिवशी तास भरतात.